रविवारी न निघणारा फिल्टर

वरून वाकून एखादी गोष्ट फिरवली तर ती उलटी फिरते, हे वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मला माहीत नव्हतं. म्हणजे बरणीचं झाकण मला उघडता येतं. नळही बंद करता येतो. पण जुन्या डिझेल जीपच्या इंजिनावर ओणवं होऊन, हात कोपरापर्यंत आत घालून, खाली लटकणारा फिल्टरचा डबा सोडवायचा म्हणजे बरणीचं झाकण नव्हे. तिथं बरणी वर आणि झाकण खाली असतं. मी आपला घरच्या सवयीनं फिरवत राहिलो आणि जो डबा सोडवायला गेलो होतो तो इमानेइतबारे आवळत राहिलो. एकदा नव्हे. दसऱ्यानंतर जे सुरू केलं ते संक्रांत उलटून गेली तरी चालूच होतं, दर रविवारी.

आणि जीपचे मालक शेजारी स्टुलावर बसून मला धीर देत होते, "जोर लाव की. हालतंय बघ. हाललं की!"

हालत होतं हे खरं. घट्ट होत होतं.

मालक म्हणजे नुसते त्या जीपचे मालक नव्हेत, ते आमचे घरमालक. लग्नानंतर आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला गेलो. मुलगा तिथंच रांगायला लागला. पुढं दोन गल्ल्या सोडून आम्ही स्वतःचं घर घेतलं, पण मी त्यांना मालक म्हणायचं सोडलं नाही आणि त्यांनी मला भाडेकरू म्हणायचं. भर मंडईत पलीकडच्या रांगेतून हाक यायची, "काय भाडेकरू, मेथी कशी घेतली?" आजूबाजूचे वळून बघायचे. बायको दात-ओठ खायची. "वास्तुशांतीला येऊन श्रीखंड खाऊन गेले ते. सांगा की त्यांना एकदा, आता स्वतःचं घर आहे म्हणून." मी सांगितलंही होतं. ते म्हणाले, "व्हय की, ठाऊक हाय. तितं तू मालक. माझ्यासाठी भाडेकरूच."

उंच, वाळलेला माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि अंगात पांढरा शर्ट, ज्याच्या बाह्यांची बटणं सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा मनगटाशी लावलेली. आयुष्य पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून कालव्याच्या काठानं फिरण्यात गेलं. ज्या जीपमधून फिरले ती खात्यानं लिलावात काढली, तेव्हा ह्यांनी घेऊन टाकली. "खात्यानं मला सोडलं, हिलाबी सोडलं. मग दोघांनी एकमेकाला धरलं."

जीपशी ते कानडीत बोलत. माणसांशी मराठी, जीपशी कानडी. बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "माणसाला मराठी पुरतं, वैनी. लोखंडाला आईची भाषा लागतीय." सोमवारी स्वतःच्या कपाळाला विभूती लावून झाली की उरलेली बोटं जीपच्या बॉनेटवर ओढायचे. एप्रिल लागला की भर दुपारी बादलीभर पाणी घेऊन चाकांवर ओतायचे. "पाय भाजत्यात तिचे." ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मात्र त्यांनी कधी काही ठेवू दिलं नाही. भाजीची पिशवीसुद्धा मागं जायची. मालकीणबाई त्या सीटवर बसायच्या म्हणून असेल असं मला वाटायचं. त्या आम्ही तिथं राहत असतानाच गेल्या. एकदा धीर करून विचारलं, तर मालक म्हणाले, "तसं काय न्हाय. मोकळं सीट दिसलं पाहिजे. मग कोण तरी बसतंय."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. आपण फाटकातून बाहेर पडलो की विचारायचे, "कुटं?" आणि मग, "कवा येणार?" नवीन लग्न झालेल्या बायकोला हे अजिबात खपायचं नाही. पण पुढं तिच्याच लक्षात आलं, की "कशाला?" असं ते कधीच विचारत नाहीत. त्यांना चौकशी करायची नसायची, वाट बघायची असायची. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर फाटकाशी उभे राहून विजेच्या खांबाकडं असं निरखून बघत असायचे, की जणू तो त्यांनीच तपासून पास करायचा आहे. मी एकदा "अर्ध्या तासात येतो" म्हणून सिनेमा बघून आलो. मालक खांबावरची नजर न काढता म्हणाले, "अर्धा तास लई मोठा असतोय तुमच्यात."

तर, फिल्टर.

मालकांची एकुलती एक लेक हुबळीला शाळेत शिकवते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मालक फोन असा धरायचे, की पलीकडं फक्त कपाळ दिसावं. नात त्यांना "पट्ट्याचा अज्जा" म्हणते, कारण बाकीचा अज्जा तिनं फोनवर फारसा बघितलेलाच नाही. गेल्या पावसाळ्यात मालकांना न्हाणीघरात चक्कर आली. ते स्वतःच उठले, स्वतःच चहा केला, आणि आठवड्यानं बोलता बोलता लेकीला सांगितलं. लेक दुसऱ्या दिवशी हजर. "अप्पा, आता पुरे. घराला कुलूप लावा आणि चला." बरीच रडारड झाली. शेवटी मालकांनी शब्द दिला. जीप चालू करतो, नीट माणसाला विकतो, मग येतो. बंद पडलेली विकली तर भंगारवाला कापून नेईल, तेवढं करू नको म्हणाले. लेकीला ते पटलं. जीपनं तिलाही शाळेत सोडलेलं होतं.

जीपचं दुखणं म्हणजे, सुरू व्हायची, गल्लीच्या तोंडापर्यंत जायची आणि धाप लागल्यासारखी थांबायची. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं बघून सांगितलं, "फिल्टर तुंबलाय मालक. बाकी इंजिन ठणठणीत. आणा, आत्ता बदलून देतो."

"तू राहू दे," मालक म्हणाले. "माझा भाडेकरू करतोय."

मी त्यांच्या घरात राहत असताना एकदा फ्यूजची तार बदलली होती. माझी तांत्रिक कारकीर्द म्हणजे तेवढीच. पण कुणी आपल्याला भर गल्लीत कारागीर म्हटलं की माणूस विरघळतो. मी येत्या रविवारी येतो म्हणालो.

गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. वळसंगचा एक मंडपवाला. त्याला बांबू आणि कनाती वाहायला जीप हवी होती. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. मालक तो स्पीकरवर टाकायचे.

"मालक, सुटला का डबा?"

"न्हाय अजून. गंजलाय लई."

"मी येऊ का?"

"नको नको. आमचं चाललंय."

म्हणजे सगळं माझ्या मनगटावर येऊन थांबलं होतं. डबा सुटला की जीप सुरू, जीप सुरू झाली की वळसंगला, आणि जीप वळसंगला गेली की मालक हुबळीला. ही साखळी मला तेव्हाही स्पष्ट दिसत होती. म्हणून तर मी एवढा इरेला पेटलो होतो. मला वाटत होतं, म्हातारा लेकीकडं जाण्यासाठी झुरतोय आणि माझ्या हातात जोर नाही म्हणून अडकून पडलाय.

काय काय केलं नाही! डब्याला पॉलिश पेपर गुंडाळून पकडला. सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. कापडी पट्टा घालून ओढला. गंज सोडवायचं तेल मारून आठवडाभर मुरत ठेवलं. उकळतं पाणी ओतलं, तेव्हा डब्याला काही झालं नाही, माझ्या पायावर मात्र फोड आला. एका रविवारी मी मोबाईलवर व्हिडिओ बघून आलो.

"मालक, ह्यात एक जण दाखवतोय. स्क्रू ड्रायव्हर डब्याच्या आरपार घालायचा आणि त्याचाच दांडा करून फिरवायचं."

"भोसकायचं न्हाय," मालक म्हणाले.

"अहो, टाकूनच द्यायचाय तो."

"टाकायचं असलं म्हणून काय झालं? इतकी वर्षं घाण गाळली की त्यानं."

त्या व्हिडिओत कुठल्या बाजूनं फिरवायचं हेही सांगितलेलं असणार. पण मी तो एकदम भोसकण्यापर्यंत पुढं पळवला होता. मेकॅनिकला बोलवू का, असंही एकदा विचारून बघितलं. तेव्हा मालकांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी त्यांना दुसरं लग्न करायचा सल्ला देतोय.

खरं सांगायचं तर मलाही मेकॅनिक नकोच होता. मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून आमच्या घरातला रविवार मला संपता संपायचा नाही. पेपर नऊपर्यंत वाचून व्हायचा, त्यातल्या छोट्या जाहिरातींसकट. मुलाचा फोन यायचा. "बाकी काय?" तो विचारायचा. "बाकी काही नाही," मी म्हणायचो, आणि ते शब्दशः खरं असायचं. आता सकाळी उठून जुना शर्ट चढवायचा आणि निघायचं. जाताना बँकेत निघालेल्या माणसापेक्षा ताठ चालायचो मी.

दुपारी मालक आतून कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दह्याचा मातीचा सट घेऊन यायचे. बॉनेटवर पेपर अंथरायचा आणि उभ्या उभ्या जेवायचं. हात कितीही धुतले तरी चटणीला डिझेलचा वास यायचा. ते कालव्याच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या फाट्यावर पाणी चोरायला कोण कसा दडून बसायचा, आणि हे त्याला बघूनही जीपचा हॉर्न आधी वाजवत कसे जायचे. "पकडला असता तर पंचनामा, साक्षी, लई काम. हॉर्न वाजवला की पळून जायचा. पानी वाचलं, मानूसबी वाचला." मी ऑफिसातल्या गोष्टी सांगायचो. त्यांत सांगण्यासारखं काही नसायचं, पण ते "व्हय?" असं इतकं मनापासून म्हणायचे, की मलाच त्या गोष्टी बऱ्या वाटायला लागायच्या. चार वाजता मी पुन्हा एकदा ओणवा होऊन डबा आवळायचो आणि घरी यायचो.

मग तो बुधवार आला. मी ऑफिसात होतो. बायको शिंप्याकडून ब्लाउज घेऊन भर दुपारी मालकांच्या घरावरून येत होती. तिला जीपखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. तिनंच मला नंतर सगळं सांगितलं, ते असं.

ती म्हणाली, "मालक?"

"आं."

"काय करताय?"

"पडलोय."

"ते दिसतंय. कशाला?"

"पाठ धरलीय, वैनी. उठाया येईना झालंय."

"अगंबाई! कधीपासून?"

"सावली पुढच्या चाकापाशी होती." बायकोनं बघितलं तर सावली मागचं चाक ओलांडून भिंतीला लागली होती.

"अहो, मग हाक नाही का मारायची कुणाला?"

"कुणाला मारू? पोस्टमन गेला. शिकवणीची पोरं गेली. शेजारीन तर दोनदा गेली. आता पायावरनं सगळी वळखतोय मी. सगळी घाईत होती." आणि थोडं थांबून म्हणाले, "हवा बरी लागती हितं खाली."

बायकोनं मेकॅनिकला हाक मारून आणलं. दोघांनी त्यांना पोत्यावर सरकवत बाहेर काढलं, आत नेऊन निजवलं. बायकोनं पाणी पाजलं. मालकांचे डोळे लाल झाले होते, पण तो डिझेलचा परिणाम असल्याचं त्यांनी तिला न विचारताच सांगितलं.

"आणि हातात तो तुमचा पट्टा होता हो," बायको मला म्हणाली. "शेवटपर्यंत सोडला नाही."

मला भरून आलं. वाटलं, बघा, मी आठवड्यातून एकदा जातो, आणि हा म्हातारा एकटाच मधल्या दिवशी जीपखाली शिरून माझं राहिलेलं काम पुढं नेतोय.

त्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. मालक कमरेला पट्टा बांधून स्टुलावर बसले होते. बॉनेट उघडलेलं होतं. मी बाह्या सरसावल्या आणि ओणवा झालो.

"भाडेकरू," ते म्हणाले, "आज दुसऱ्या बाजूनं फिरव."

"म्हणजे?"

"तू फिरवतोस न्हवं का, त्याच्या उलट."

मी फिरवला. पट्टा लागला नाही, पॉलिश पेपर लागला नाही. डबा मऊ लाडू फुटावा तसा सुटला आणि त्यातलं काळं डिझेल माझ्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. मी तो हातात धरून उभा राहिलो.

"मालक, म्हणजे मी इतके दिवस..."

"आवळत होतास."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच रविवारी."

"अहो, मग बोलायचं नाही?"

"लई मन लावून आवळत होतास," मालक म्हणाले. "मदल्या दिवशी मी खालनं जाऊन जरा सैल करून ठेवायचो. न्हायतर तुझ्या जोरानं आटेच गेले असते."

मला हसू फुटलं. बाहीतून डिझेल ठिबकत होतं आणि मी पोट धरून हसत होतो. मालक हसले नाहीत. ते फाटकाबाहेर, रस्त्याकडं बघत होते.

"बुधवारी पडलो होतो तवा कळलं," ते म्हणाले. "रविवारी तू येतोस. बाकीचे दिवसबी असत्यात की."

रोज येत जाईन म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. पण रोज मी येणार नव्हतो, आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नवा फिल्टर त्यांनी सीटखालून काढला. दसऱ्याच्या आधीच आणून ठेवलेला होता. तो डिझेलनं भरला, रबराला बोटानं डिझेल चोळलं आणि हातानंच बसवला. ह्या वेळी आवळायचा होता, त्यामुळं माझा सराव कामी आला. मग नळीतली हवा काढायची. मी हातपंप दाबत होतो, वरच्या सैल केलेल्या स्क्रूमधून फेस येत होता. "बुडबुडे थांबले की सांग," मालक म्हणत होते. बुडबुडे थांबले. त्यांनी स्क्रू पिळला, कमरेवर हात ठेवून हळूहळू वर चढले आणि किल्ली फिरवली. जीप दोनदा खोकली, तिसऱ्यांदा पेटली. गल्लीभर धूर झाला. शेजारीण बाहेर आली, शिकवणीची पोरं बाहेर आली, मेकॅनिकनं लांबूनच हात वर केला. मालक स्टिअरिंगवर थोपटत तिला कानडीत "साकु, साकु" म्हणत होते, पुरे, पुरे. त्या आवाजात इंजिन बंद करायचं काही त्यांना सुचत नव्हतं.

मग त्यांनी शेजारच्या मोकळ्या सीटकडं बघितलं आणि मला म्हणाले, "बस की."

पुढच्या रविवारी आम्ही जीप वळसंगला पोचवली. अक्कलकोट रस्त्यानं जाताना मालक एक अक्षर बोलले नाहीत, ना मराठी, ना कानडी. मंडपवाल्यानं नारळ फोडला. मालकांनी त्याला गिअर कुठं अडकतो ते दाखवलं, सोमवारची विभूती सांगितली, चाकांवरचं पाणी सांगितलं. मग जरा संकोचून म्हणाले, "आणि हिच्याशी कानडीत बोलावं लागतंय."

"मालक, आमचं घरात कानडीच हाय की," मंडपवाला म्हणाला. "आई तर दुसरं बोलतच न्हाय."

मालकांच्या चेहऱ्यावर एकदम असं काही आलं, की जणू लेक चांगल्या घरी पडली. येताना आम्ही एसटीनं आलो. खिडकीशी ते, शेजारी मी. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नसल्यासारखं वाटत होतं. कधी पुढच्या सीटच्या दांडीवर ठेवायचे, कधी मांडीवर. स्टँडवर उतरल्यावर म्हणाले, "लई लवकर आलो की रं."

लेक त्यांना न्यायला आली ती मधल्या वारी. मी ऑफिसात होतो. बायको जाऊन आली. घराला कुलूप लावून त्यांनी ते तीनदा ओढून बघितलं म्हणाली, आणि गाडीत मागच्या सीटवर अगदी कडेला बसले, शेजारी दोन माणसांची जागा सोडून.

त्यानंतरच्या रविवारी सवयीनं मी जुना शर्ट चढवला. बटणं लावून झाल्यावर ध्यानात आलं. तसाच स्वयंपाकघरात जाऊन बसलो. बायको मटकी निवडत होती. तोवर तिला मी उलट फिरवल्याचं सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. त्या दिवशी सगळं सांगून टाकलं. मी कसा आवळत होतो, ते कसे सैल करत होते, सगळं. ती हसेल असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली.

"किती एकटा पडला असेल गं माणूस," मी म्हणालो. "रविवारी कुणी तरी जेवायला सोबत असावं, एवढ्यासाठी एवढा खटाटोप. बरं झालं मी जात होतो."

बायकोनं ताटलीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"आणि मी जेवत होते कुणाबरोबर?" ती म्हणाली.